हाक आली की वळायचं

आये, उद्या माझी पुन्हा परीक्षा आहे. तू हसशील. आठवीत शाळा सोडली तेव्हा तूच म्हणाली होतीस, आता तुला परीक्षेला कोण बसवतोय, आणि मीही तसंच धरून चाललो होतो. पण इथे दुबईत खाडीवर होडी चालवायची तर परवाना लागतो, आणि परवाना हवा तर परीक्षा. एकदा दिली, नापास झालो. उद्या दुसऱ्यांदा. होडीच्या मालकाने सांगून ठेवलंय, या वेळी जमलं नाही तर पुढच्या महिन्यापासून दुसरं काम बघ, नुसत्या होड्या धुवायला मला माणूस नको. दुसरं काम म्हणजे परत फॅक्टरी. आणि फॅक्टरीत मी किती टिकतो ते तू बघितलेलं नाहीस, पण तुला सांगायची गरजही नाही. मेल्या, तुझ्या पायाला भिंगरी हाय की काय, हे तू मला चालायला लागल्यापासून म्हणायचीस.

आज रविवार. दुबईच्या देरा भागातल्या खोलीवर बसून लिहितोय. दुपारचं जेवून सगळे आडवे झालेत, एसीचा आवाज आणि त्याच्यावर वरच्या पलंगावरच्या माणसाचं घोरणं. मी तुला कधी पत्र लिहिलेलं नाही. तू होतीस तेव्हा मी तुझ्यापासून एका खाडीच्या रुंदीपेक्षा लांब कधी गेलोच नव्हतो, मग लिहिणार कशाला. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. होडीतला आवाज लगेच येतो. घरातला यायला वेळ लागतो.

इकडे मी आधी रास अल खैमाला आलो, लाद्यांच्या फॅक्टरीत. भट्टीसमोर उभं राहायचं, नाकात पांढरी धूळ. तिथून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये गेलो, खोक्यांना टेप लावायला. तिथे एसी होता, जेवण बरं होतं, सुपरवायझर आपल्याकडचाच, मराठीत शिव्या द्यायचा. सगळे म्हणायचे, आता सेट झालास. मला मात्र टेपचा तो कर्रर्र आवाज ऐकून पळून जावंसं वाटायचं. एका सुट्टीला देराला आलो, गावी जाणाऱ्या एकाजवळ ताईसाठी खजूर द्यायचा होता. तो दिला आणि फिरत फिरत पाण्यापाशी पोचलो. आये, शहराच्या मधोमध खाडी आहे. इकडे सोन्याचा बाजार, तिकडे कापडाचा, आणि मधे लाकडी होड्या माणसं भरून ये-जा करतायत. अब्रा म्हणतात इथे त्यांना. मधे एक लाकडी बाक, त्यावर दोन्ही बाजूंनी माणसं पाठीला पाठ लावून बसतात, आणि बरोबर मध्यात खड्डा, त्यात चालवणारा. पायाशी इंजिन, हातात चाक. मी चढलो, पलीकडे गेलो, उतरलो नाही, तसाच अलीकडे आलो. मग पुन्हा पलीकडे. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी खड्ड्यातला म्हातारा मान न वळवता हिंदीत म्हणाला, "उतरणार आहेस, की इथेच संसार थाटणार आहेस?" मी मराठीत पुटपुटलो, "थाटला असता." तर तो वळला आणि म्हणाला, "कुठला रे पोरा तू?"

ते चाचा. रायगडच्या किनाऱ्यावरचे, तरुणपणीच इकडे आलेले. त्यांच्या ओळखीनेच मालकाकडे लागलो. होड्या धुवायच्या, डिझेल भरायचं, दोरी पकडायची, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा चाचांच्या शेजारी खड्ड्यात उतरून शिकायचं. शिकायला फार काही नव्हतं. पाणी सगळीकडे सारखंच ढकलतं. चाचा पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आईने. ते म्हणाले, "आई? होडी?" मग मी तुझं सगळं सांगितलं, आणि त्यांना ते इतकं आवडलं की आता कुणी नवीन माणूस भेटला की ते मला पुढे करतात. "याची आई परवानावाली होती," म्हणतात. जसं एखाद्याची आई डॉक्टर असावी.

तुझा परवाना मला अजून दिसतो. चुलीच्या वर, गणपतीच्या फोटोशेजारी काचेत घालून लावलेला, धुराने पिवळा झालेला. बाबा गेले त्या वर्षी सगळ्यांना वाटलं की तर, म्हणजे उतारूंची ने-आण करायचा मक्ता, आता पलीकडच्या वाळूवाल्याकडे जाणार. त्याच्याकडे इंजिनाची होडी होती, आपल्याकडे वल्ह्याची. लिलावाच्या दिवशी तू मला बरोबर घेतलंस, ताईचं लुगडं नेसलीस कारण तुझं एकही धड नव्हतं, आणि तालुक्याच्या कचेरीत पुरुषांच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. साहेबाने चष्मा वर करून विचारलं, होडी कोण चालवणार? तू म्हणालीस, मी. तो म्हणाला, बाई, उतारूंच्या जिवाचा प्रश्न आहे, तुम्हाला पोहता तरी येतं का? आणि तू, ज्या बाईला खरंच पोहता येत नव्हतं, गुडघाभर पाण्याच्या पुढे जी कधी गेली नाही, ती म्हणालीस, "होडी बुडवायची असती तर शिकले असते." सगळी कचेरी हसली. साहेबही हसला, पण लगेच गंभीर झाला आणि एकेक अट वाचायला लागला. मावतील तेवढी नाही, ठरवून दिली तेवढीच माणसं. तुफानाचा बावटा लागला की होडी बंद. दराची पाटी धक्क्यावर लावायची. आणि आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. तू प्रत्येक अटीला मान हलवत होतीस. मला वाटलं, तुला कळत नाहीये म्हणून हलवतेयस. तुला सगळं कळत होतं.

ती दराची पाटी पत्र्यावर रंगवली तो दिवस मजेचा होता. माणूस, डोक्यावरचं ओझं, सायकल, शेळी, सगळ्यांचे दर वेगळे. म्हशीचा दर लिहायचा राहिला, तर पाटी रंगवणारा म्हणाला, म्हैस होडीत कशी घेणार? तू म्हणालीस, "म्हैस मागनं पवत येनार, तिला कसला दर?" गावातल्यांना तर त्या पाटीचा काही संबंधच नव्हता. ते सुगीला भात आणून द्यायचे, वर्षभर पाहिजे तेवढ्या वेळा जा-ये करायचे. पाटी परक्यांसाठी. तिच्यावर नवऱ्या मुलीचा दर नव्हता, मयताचा नव्हता, अडलेल्या बाईकडे निघालेल्या सुईणीचा नव्हता. ते कुणी तुला सांगितलं नव्हतं, साहेबानेही नाही. हा सगळा कायदा तुझा तूच केलास.

आणि मग तो वाऱ्याचा दिवस. मी तेव्हा तेरा-चौदाचा असेन, शाळा नुकतीच सुटलेली, पुढचं, नाळेकडचं वल्हं माझ्याकडे आणि सुकाणूवर तू. होडी भरलेली. मध्यावर पोचलोय, वारा उलटा, हात भरून आलेत, आणि मागच्या काठावरून हाक येते. ओ तरीवाली. मी बघतो तर वाळूवाला. त्याची इंजिनाची होडी बिघडलेली असणार. लिलाव हरल्यापासून त्याने आपल्याला काय काय त्रास दिला होता, धक्क्यावर वाळू काय टाकली, तुझ्याबद्दल बाजारात काय काय बोलला, हे होडीतल्या सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, आये, राहू दे त्याला, बसू दे दुपारपर्यंत. तू सुकाणू दाबलंस आणि होडी वळायला लागली. कोळीण आपली पाटी सावरत ओरडली, "आता वळवतेस होय गो? माझी मासळी काय त्याची वाट बघत थांबलीय?" तू म्हणालीस, "तुझी मासळी मेलेलीच हाय, ती आनी कुठं मरतेय." सगळे हसले, मी सोडून. काठाला लागलो, वाळूवाला चढला, कुणाकडे न बघता बसला. तू त्याच्या हातात डबा दिलास आणि म्हणालीस, बसलायस तर पानी उपस. आणि तो खरंच पूर्ण खाडीभर पाणी उपसत राहिला.

त्या संध्याकाळी मी तुझ्याशी बोलत नव्हतो. तू चुलीपुढे बसलीस, भाकरी थापतेयस, मी उंबऱ्यात पाठ करून. तू भाकरीकडे बघतच बोलायला लागलीस. "सायबानं कागद दिला म्हंजे काय दिलं रे? दुसऱ्या कुनी हितं होडी घालायची नाय, येवढंच दिलं. मग दुसरी होडी नाय, तर तो मानूस जाईल कुठनं? मक्ता आपला, तर हाक बी आपली. तुला त्याच्याशी भांडायचं तर जमिनीवर भांड." मग भाकरी तव्यावर टाकलीस, आणि वर म्हणालीस, "पान्यावर तोंड उघडलंस तर वल्हं हातातनं काढून घेईन." त्याच आठवड्यात तू सुताराला बोलावून बाबांचं वल्हं तासून घेतलंस. मूठ माझ्या पंजाएवढी, लांबी माझ्या खांद्याएवढी. मला वाटलं होतं, वल्हं काढून घेशील. तर तू माझ्या मापाचं करून दिलंस. मी ते हातात घेतलं तेव्हा तू बघत नव्हतीस, मुद्दामच, बांगडे साफ करत होतीस.

एवढं सगळं सांगायचं कारण, नापास मी कशाने झालो ते.

पहिली परीक्षा दोन भागांची होती. कानाला हेडफोन लावून हिंदीत प्रश्न ऐकायचे आणि पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवायचं, तो भाग मी पास झालो, ताईचाही विश्वास बसला नाही. दुसरा भाग पाण्यावर. परीक्षा घेणारा इथलाच, अरब, वयस्कर, पांढरा झगा, हातात मण्यांची माळ. जुनी माणसं इथली आपल्यापेक्षा बरी हिंदी बोलतात, मुंबईचा व्यापार बघितलेली. बाकावर बसला, बाजूला आणखी दोन परीक्षा देणारे, आणि बाकी नेहमीचं गिऱ्हाईक, कारण तो म्हणतो, खाली होडी तर माझी नातही चालवील. "यल्ला," म्हणाला, म्हणजे चल. मी सोडली. इंजिनाचा सूर बरोबर लागला, दोन होड्यांमधून अशी काढली की चाचा काठावर उभे होते त्यांनी मान डोलावली. आणि मागून हाक आली. "अहो, थांबा, थांबा जरा. अहो दादा." मराठीत. एक बाई, हातात पिशव्या, बरोबर एक लहान मुलगी, फाटकापाशी पोचून हात करतेय.

आये, मी काही ठरवलं नाही. विचार केला असता तर वळवली नसती. हातानेच चाक फिरवलं. इथला नियम असा की एकदा होडी सुटली की सुटली, मागे वळायचं नाही, कारण तुम्ही सुटता त्याच क्षणी पुढच्या नंबरची होडी तुमच्या जागी सरकते. ती सरकलीच होती. मी वळतोय आणि समोर तिचं नाक. तिचा चालवणारा ओरडला, मी मागे घेतली, लाकडाला लाकूड घासलं, गिऱ्हाइकांतला कुणी म्हणाला, क्या करता है भाई. म्हाताऱ्याने माळ थांबवली. "खलास," म्हणाला. "जाने दे उस पार." रागावला नव्हता. पलीकडे उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तेरा हाथ अच्छा है. कान खराब है."

आणि पलीकडे उतरतो तर ती बाई माझ्या आधी पोचलेली. मागच्या होडीत बसून आली, मी मधे गोंधळ घालत होतो तेवढ्यात. मला बघून पुढे आली. "तुम्ही मराठी का हो? मग वळलात कशाला? मागे चार होड्या उभ्या होत्या की. आम्ही आपलं सवयीने ओरडतो." मी म्हटलं, सवयीनेच वळलो. परीक्षा होती. मुलगी तिच्याकडे बघून म्हणाली, "मम्मा, ही फेल्ड बिकॉज ऑफ यू." बाई म्हणाली, "गप गं." मग पिशवीतून चकल्यांचा पुडा काढला आणि माझ्या हातात कोंबला, घ्या हो, घरच्या आहेत, पुण्याहून आल्यात. नापास होऊन चकल्या घेऊन मी परत आलो. चाचांनी त्या खाल्ल्या आणि म्हणाले, चकली मस्त आहे, पण महाग पडली.

पण मला राग चढला होता. बाईचा नाही, म्हाताऱ्याचा नाही, नियमाचा. मी चाचांना म्हटलं, हा कसला नियम, माणूस हाक मारतोय आणि तुम्ही पाठ फिरवता. आमच्याकडे असं केलं असतं तर आईने मला पाण्यात ढकललं असतं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. आम्ही धक्क्यावर बसलो होतो, चहाचे कागदी पेले हातात, समोर होड्या एकामागून एक लागलेल्या. ते म्हणाले, "पोरा, तुझ्या आईच्या खाडीवर होड्या किती?" मी म्हटलं, एकच. "म्हणून ती वळायची. तिने वळवली नाही तर तो माणूस तिथेच राहणार. इथे बघ." त्यांनी बोटाने रांग दाखवली. "तो मागचा बंगाली, सकाळपासून तिसरी फेरी मारतोय. ती बाई त्याचं गिऱ्हाईक होती. तू वळलास म्हणजे तिच्यावर उपकार नाही केलास, त्याच्या ताटात हात घातलास." चहाचा एक घोट घेऊन ते म्हणाले, "तिचा परवाना एकटीचा होता. आपला सगळ्यांचा मिळून एक आहे. हाक पण सगळ्यांची मिळून."

आये, हे मला पटायला बरेच दिवस लागले. मला वाटायचं, हे तुझ्या विरुद्ध आहे. मग एकदा होडी धुताना उलगडलं की हे तुझंच आहे. चुलीपुढे तू पण तेच सांगत होतीस, की दुसरी होडी नाही म्हणून. मी त्यातलं अर्धंच लक्षात ठेवलं होतं, वळायचं तेवढं. का वळायचं ते तू सांगितलं होतंस, पण मी पाठ करून बसलो होतो ना.

तर उद्या. चाचा म्हणतात, कानात कापूस घाल. मी म्हटलं, तो म्हातारा मग म्हणेल, कान नाहीच आहे. बघू. आता वरचा माणूस जागा झालाय, विचारतोय, कुणाला लिहितोस एवढं? मी म्हटलं, घरी. म्हणतो, मोबाइल बिघडला काय?

आये, आज गुरुवार. सोमवारचं सांगतो.

सकाळीच गेलो. तोच म्हातारा, तीच माळ. मला ओळखलं त्याने, म्हणाला, कानवाला आ गया. गिऱ्हाईक भरलं, वीस मोजून, फाटक बंद. मी सोडली. मध्याच्या अलीकडे असेन, आणि हाक आलीच. मला वाटतं रोज दर होडीमागे एक हाक येतच असणार, बाकीच्यांना ती ऐकू येत नाही इतकंच. या वेळी कुणी पठाण होता, खांद्यावर भलं मोठं गाठोडं, पश्तूत का कशात ओरडत होता, पण हाकेला भाषा काय लागते. माझे हात चाकावर होते. सांगतो तुला, ते चाक मी असं धरलं होतं की बोटं पांढरी. मान वळवली नाही. पण डावा हात वर केला. उंच. मागच्या होडीवाल्याला दिसेल असा, आणि दोन बोटं मागे दाखवली, तुझं गिऱ्हाईक आहे, घे. असं इथे कुणी करत नाही. मला माझंच कळलं नाही की हा हात कसा वर गेला. मागून भोंगा वाजला, एकदाच, छोटा. म्हणजे त्याने बघितलं.

म्हाताऱ्यानेही बघितलं. माळ थांबली. मी म्हटलं, झालं, चाकावरून हात काढला म्हणून पुन्हा खलास, लाद्यांची भट्टी, पांढरी धूळ. "हाथ क्यूं उठाया?" मी खरं ते सांगितलं. "पीछेवाले को बोला. मेहमान आया है." त्याने मागे वळून बघितलं. तो पठाण मागच्या होडीत चढत होता, गाठोडं आधी, मग तो. मग म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, "यल्ला, आगे देख." माळ पुन्हा चालू झाली. धक्क्याला लावली तेव्हा होडी लाकडाला टेकली, आवाजसुद्धा झाला नाही. आपल्याकडे तू अशी लावायचीस, की झोपलेलं पोर मांडीवर जागं होऊ नये. तो उतरला. मी विचारलं, क्या हुआ, साब? तो म्हणाला, "कान ठीक हो गया." आणि चालायला लागला.

मंगळवारी परवाना हातात आला. प्लास्टिकचं कार्ड, खिशात मावणारं, त्यावर माझा फोटो, त्यात मी घाबरलेला दिसतो. चाचांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि मालकाला फोन लावला, "पास झाला, आता याला होडी दे, नाहीतर मी पण जातो." मालक फोनवर हसत होता, मला ऐकू येत होतं. काल, बुधवारी, पहिली होडी मिळाली. चाचांच्या मागचा नंबर माझा. ताईला व्हिडिओ कॉल केला, तिने पोरांना बोलावून दाखवलं, मामा बघा, मामा बघा. पोरं म्हणाली, मामा, फास्ट चालव. आपल्या खाडीवर आता पूल आहे, त्यांनी होडी बघितलेलीच नाही. ताई म्हणाली, टिकशील ना रे इथे? मी म्हटलं, बघ ना, रोज जागचा हलतो, तरी तिथेच असतो. तिला ते कळलं नाही, पण मला खूप बरं वाटलं. टिकेन मी. पहिल्यांदाच असं वाटतंय.

हे सगळं लिहिलं खरं, पण हे टाकायची पेटी इथे नाही आणि तिथेही नाही. उशीखाली ठेवीन, मग कधीतरी खोली बदलताना हरवेल. चालेल. ताईलाही दाखवणार नाही, कारण आता जे लिहितोय ते वाचून ती रडेल, आणि रडायचं त्यात काही नाही.

मला वाटलं होतं, पहिल्यांदा एकटा चाकावर उभा राहीन तेव्हा तू आठवशील. डोळे भरतील, असं काहीतरी होईल. मी त्याची तयारीच केली होती, रुमाल नवा घेतला होता. पण काल सकाळपासून गिऱ्हाईक तुटत नव्हतं, एक चिनी पोरगा उलटा बसला त्याला सरळ बसवा, एका म्हातारीची चप्पल पाण्यात पडली ती काढा, आणि मला इतकी मजा येत होती की काय सांगू. ऊन उतरलं, होडी बांधली, तेव्हा लक्षात आलं. दिवसभरात तुझी एकदाही आठवण आली नव्हती. तू गेल्यापासून असा दिवस पहिलाच. आता वाईट वाटेल म्हणून धक्क्यावर थोडा थांबलो. वाटलं नाही, आये. भूक लागली होती. चाचांबरोबर जाऊन पोटभर जेवलो.